यंत्राला विचारायचं काय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. आत्ता घाईत असाल तर रात्री निवांत वाचा. विषय वरवर अमेरिकेचा वाटेल, पण तो आपल्या तहसील कचेरीतल्या टेबलापर्यंत येतो.

अलीकडे दर काही दिवसांनी एक बातमी दिसते. अमुक सरकार एआय वापरून जुने कायदे शोधणार, नियमांचं जंगल साफ करणार. संयुक्त अरब अमिरातीने तर एप्रिल २०२५ मध्ये यासाठी वेगळं कार्यालयच मंजूर केलं. बातमीखालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. अर्धे लोक म्हणतात, ‘बाबूंची सुट्टी झाली, बरं झालं.’ उरलेले म्हणतात, ‘आता यंत्र आपल्यावर राज्य करणार.’ मला दोन्ही घाईचं वाटतं. कायद्याच्या ढिगाऱ्यात यंत्र घुसवायची कल्पना मुळात नवी नाहीच. ती साठ-पासष्ट वर्षं जुनी आहे आणि तिची सुरुवात एका शब्दावरून झाली.

१९५० च्या दशकाची अखेर. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य. तिथल्या कायद्यांत बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ‘रिटार्डेड चाइल्ड’ असे शब्द होते. आपल्याकडे ‘मतिमंद’ म्हणतात, साधारण तसं. हे शब्द अपमानाचे आहेत, सगळ्या कायद्यांतून काढून त्यांच्या जागी ‘एक्सेप्शनल चाइल्ड’ घाला, असं ठरलं. ठरवणं सोपं होतं. पण राज्याच्या कायद्यांच्या जाडजूड खंडांत हे शब्द नेमके कुठे कुठे आहेत, हे कोण सांगणार?

पिट्सबर्ग विद्यापीठात जॉन हॉर्टी नावाचे गृहस्थ आरोग्यविषयक कायद्यांचं केंद्र चालवत होते. काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी विद्यार्थी बसवले, सगळे कायदे वाचून काढायला लावले. चुका राहिल्या. दुसरी तुकडी बसवली, तरी काही जागा सुटल्याच. माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो, डोळा ओळीवरून घसरतो. मतदार यादी हाताने तपासलेल्या कुणालाही हे माहीत आहे. शेवटी हॉर्टींनी कायद्यांचा सगळा मजकूर पंचकार्डांवर चढवून संगणकात घातला. कुठला शब्द कुठल्या कायद्यात, कुठल्या कलमात आहे याची सूची यंत्राने तयार केली. दोन शब्द एकमेकांच्या जवळ कुठे येतात, हेही विचारता येऊ लागलं. म्हणजे ‘चाइल्ड’ आधी आला काय नि नंतर आला काय, सुटका नाही. १९६० मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकेतल्या वकिलांच्या मोठ्या अधिवेशनात त्यांनी हे चालवून दाखवलं.

पुढे ओहायो राज्याच्या वकील संघटनेने डेटन शहरातल्या एका कंपनीला हाताशी धरून अशीच व्यवस्था उभी केली आणि त्यातून १९७३ मध्ये ‘लेक्सिस’ निघालं. आज जगभरचे वकील निकाल शोधायला जे वापरतात, त्यांतलं हे एक मोठं नाव. एवढा सगळा डोलारा उभा राहिला, पण त्याच्या मुळाशी प्रश्न होता तो एवढाच, की कायदा या मुलांना अपमानाचं नाव कुठे कुठे देतो.

हॉर्टींच्या यंत्राला अर्थ कळत नव्हता. ते फक्त ‘कुठे आहे’ एवढंच सांगायचं. बदलायचं काय, का बदलायचं, हे माणसांनी आधीच ठरवलेलं होतं. आजची यंत्रं इथे वेगळी आहेत. त्यांना कलम दिलं की ती ‘याची गरज आहे का’ यावरही मत देतात, आणि मत अशा झोकात देतात की आपण मान डोलावतो. न्यू यॉर्कमधल्या दोन वकिलांनी असंच चॅटजीपीटीवर विसंबून न्यायालयात निकालांचे दाखले दिले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये ५,००० डॉलर दंड झाला.

कायदे-नियमांच्या सफाईत ही नवी यंत्रं कशी उतरली, यासाठी पुन्हा ओहायोलाच जावं लागतं. तिथे जॉन हस्टेड लेफ्टनंट गव्हर्नर असताना राज्याच्या नियमसंग्रहावर एआयचं साधन चालवलं गेलं. कुठे एकच गोष्ट दोनदा लिहिली आहे, कुठे विनाकारण माणसाला प्रत्यक्ष हजर राहायला सांगितलंय, कुठला नियम कालबाह्य आहे, असं शोधून खात्यांपुढे ठेवायचं. इमारत बांधणीपासून लॉटरीपर्यंतच्या नियमांतून सुमारे २२ लाख शब्द कमी झाले, असं त्यांनी सांगितलं. मला यात वावगं काही दिसत नाही. हेलपाटा वाचत असेल तर कोणाला नको आहे?

मग २०२५. ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत ‘डोज’ नावाचं पथक आलं, इलॉन मस्कमुळे गाजलेलं. त्या पथकाचं एक अंतर्गत सादरीकरण जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने उघड केलं. संघराज्याचे सुमारे २ लाख नियम एआयने तपासायचे आणि त्यांतले १ लाख, म्हणजे निम्मे, वर्षभरात उडवायचे, अशी ती आखणी. गृहनिर्माण खात्यात हजाराहून जास्त कलमांवर दोन आठवड्यांच्या आत निर्णय झाल्याचा दावा त्यात होता. त्याच खात्यातल्या कर्मचाऱ्याने मात्र वार्ताहरांना सांगितलं, की यंत्राने कायद्याचा अर्थ काही ठिकाणी चुकीचा लावला.

इथे मला यंत्राच्या चुकीपेक्षा तो ‘निम्मे’ शब्द जास्त खटकतो. तपासायच्या आधीच निम्मे कसे ठरले? गोदामात किती पोती कुजली आहेत हे न बघताच अर्धी फेकायची ठरवली, तर ती सफाई म्हणायची की जागा रिकामी करून घेणं?

अमेरिकेत याला एक जुना अडसर आहे. तिथल्या १९४६ च्या प्रशासकीय कायद्याप्रमाणे नियम करताना लोकांना कळवून त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, तसंच तो काढतानाही. रेगन सरकारने मोटारीतल्या सुरक्षा पट्ट्यांचा आणि एअरबॅगचा नियम रद्द केला, तेव्हा १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय अडवला. नियम काढायचा तर कारण द्या, असं न्यायालयाने बजावलं. ‘यंत्राने सांगितलं’ हे कारण तिथल्या न्यायालयात किती टिकेल, हे यथावकाश कळेलच.

आता आपल्याकडे या. कायद्यांची सफाई आपण एआयशिवायही बरीच केली आहे. १९९८ मध्ये पी. सी. जैन आयोगाने १,३८२ कायदे रद्द करायला सांगितलं. सप्टेंबर २०१४ मध्ये रामानुजम समिती नेमली गेली. तिने २,७८१ केंद्रीय कायदे तपासले आणि त्यांतले १,७४१ रद्द करण्याजोगे काढले. तेव्हापासून दीड हजारांहून जास्त कायदे गेले, आणि भाषणांत हा आकडा आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण त्यांतले सातशेहून अधिक हे जुने विनियोजन कायदे होते. म्हणजे अमुक वर्षी तिजोरीतून अमुक रक्कम खर्चायला दिलेली परवानगी. ते वर्ष संपलं, पैसे खर्च झाले, कायदा तिथेच मेला. फक्त त्याची नोंद काढायची राहिली होती. ती काढली हे चांगलंच झालं, पण त्याने कुणाच्या चुलीवरचं भांडं उतरलं नाही की चढलं नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली फौजदारी शिक्षा काढली किंवा सौम्य केली. तिथे प्रश्न होता, धंदा करणाऱ्याला किरकोळ चुकीसाठी तुरुंगाची भीती का? रास्त प्रश्न आहे. ज्यांनी तो लावून धरला, त्यांना उत्तरही मिळालं.

वय बघून कायदा म्हातारा ठरवणं मात्र धोक्याचं आहे. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोग कायदा केला. मूळचा जेमतेम चार कलमांचा. पहिल्यात नाव. दुसऱ्यात सरकारला साथीच्या वेळी वाटतील ते तात्पुरते नियम करायची मुभा. तिसऱ्यात नियम मोडणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या १८८ प्रमाणे शिक्षा. चौथ्यात, या कायद्याखाली सद्‌हेतूने काही केलं तर त्या माणसावर दावा लावता येणार नाही. संपला कायदा. पानभरात मावेल एवढा.

आज हा मजकूर एखाद्या यंत्राला दिला आणि विचारलं, ‘हा नियम सुटसुटीत आहे का?’ तर ते काय सांगेल? पुनरुक्ती नाही, भाषा सरळ, पानं कमी. पैकीच्या पैकी गुण. आणि याच कायद्याच्या आधाराने पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँडच्या हाताखाली गोरे सैनिक घराघरांत शिरले. माजघरात, देवघरात शिरले. बायका-माणसांची रस्त्यात तपासणी झाली, सामान बाहेर फेकलं, जाळलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. चापेकर फासावर गेले. ‘केसरी’तल्या लिखाणावरून टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. हा सगळा इतिहास त्या चार कलमांत एका शब्दानेही नाही. चौथं कलम वाचताना तो आठवतो, तो फक्त ज्याला माहीत आहे त्याला.

गोष्ट इथे संपत नाही. सव्वाशे वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, करोना आला तेव्हा राज्यांनी कपाटातून काढला तो हाच कायदा. महाराष्ट्रानेही काढला. १८८ खाली आपल्या राज्यात लाखाहून जास्त गुन्हे नोंदले गेले, तुमच्या-माझ्या ओळखीतले कितीतरी जण त्यात असतील. २०१९ मध्ये कोणी वय आणि वापर बघून यादी केली असती, तर १८९७ चा हा कायदा नक्कीच नजरेत भरला असता. काढला असता तर २०२० मध्ये सरकारचे हात रिकामे राहिले असते. होता तसा ठेवला, म्हणून १८९७ चीच मोकळी सूट पुन्हा मिळाली. खरं तर मधल्या काळात तो नव्याने लिहायला हवा होता. साथीत सरकार कुठवर जाऊ शकतं, घरात कोणी शिरायचं, अन्याय झाला तर दाद कुठे मागायची? २०२० मध्ये दुरुस्ती झाली ती मुख्यतः डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांबद्दल. ती हवीच होती. बाकीचं राहिलं.

आता उलट बाजू. जिथे यंत्र क्षणात काम करू शकलं असतं, पण कोणी विचारलंच नाही.

आपल्या देशातल्या अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीवरून कामं वाटण्याच्या तरतुदी अगदी काल-परवापर्यंत शाबूत होत्या. सफाईचं काम त्यालाच द्यावं ज्याच्या जातीला त्याची ‘सवय’ आहे, स्वयंपाक अमुक जातीच्या माणसाने करावा, अशा अर्थाच्या. राज्यघटना आल्यावर सत्तर वर्षांनीही. सुकन्या शांता या पत्रकाराने तुरुंगातून सुटलेल्या माणसांशी बोलून, नियमावल्या वाचून हे बाहेर काढलं आणि नंतर स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि राज्यांना तीन महिन्यांत नियमावल्या सुधारायला सांगितलं.

या नियमावल्या काही गुप्त नव्हत्या. जातींची नावं तिथे छापलेली होती. हॉर्टींच्या १९६० च्या यंत्रानेही ती मिनिटांत शोधून दिली असती. पण कायद्यांच्या सफाईसाठी जे आयोग-समित्या बसल्या, त्यांच्यापुढे हा प्रश्नच नव्हता.

आणि एक बारकावा. याच निकालात विमुक्त जमातींचाही विषय होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. आपल्याकडे तो विमुक्त दिन म्हणून पाळतात. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांच्या आठवणी सांगणारी घरं आजही आहेत. रद्द झालेल्या कायद्यांच्या यादीत हा कायदा ठळकपणे दिसेल. पण त्यानंतर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपला मुंबई कायदा १९५९ चा. त्यांत कुठल्याही जमातीचं नाव नाही, मजकूर स्वच्छ. तरीही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीवर जाते, हे तालुक्यातल्या कुठल्याही वार्ताहराला विचारा. यंत्राला हे दाखवायचं तर त्याला कायद्याचं पुस्तक पुरणार नाही. ठाण्याच्या डायऱ्या लागतील.

कुष्ठरोगाचंही तसंच. औषधाने हा रोग पूर्ण बरा होतो हे १९८० च्या दशकापासून सगळ्यांना माहीत. वरोऱ्याजवळ आनंदवन तर १९४९ पासून उभं. तरी जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येईल ही तरतूद आपल्या विवाहविषयक कायद्यांतून निघाली २०१९ मध्ये. एकूण पाच कायदे बदलावे लागले. शोधायचा शब्द एकच होता.

म्हणून एआय चांगलं की वाईट या वादात मला फार रस नाही. प्रश्न कोण विचारतंय आणि कोणता विचारतंय, इथे माझं लक्ष आहे. आपल्या राज्यात हे साधन आलं, आणि आज ना उद्या येणारच, तर ते नुसत्या कायद्यांवर चालवून भागणार नाही. आपलं आयुष्य चालतं शासन निर्णयांवर. जीआर. विधानसभेत कायदा होतो, पण म्हातारीला पेन्शन मिळणार की नाही हे ठरतं जीआरवर, त्याच्या शुद्धिपत्रकावर आणि कधी कधी त्याहीनंतरच्या परिपत्रकावर.

जीआर वाचायची सवय असलेल्यांना त्याची ठेवण माहीत आहे. वर ‘वाचा’ म्हणून जुन्या निर्णयांची रांग. मध्ये प्रस्तावना, मग निर्णय. शेवटी, हा निर्णय संकेतस्थळावर ठेवला आहे आणि त्याचा सांकेतांक अमुक आहे. गंमत त्या ‘वाचा’त आहे. नवा निर्णय जुन्याचा काही भाग बदलतो, काही ठेवतो, आणि पूर्ण चित्र एका जागी कुठेच नसतं. एका कार्यालयात एका बाईंचा अर्ज परत आलेला मी पाहिलाय. टेबलावर जो कागद दाखवला, तो पुढच्या निर्णयाने केव्हाच अधिक्रमित झालेला होता. कारकुनाने मुद्दाम केलं असंही म्हणवत नाही. त्याच्या फाइलीत तोच होता. ही ‘वाचा’ची साखळी जोडून ‘आज लागू असलेला मजकूर हा’ असं दाखवणं, हे काम यंत्राने करावं. आजच करावं.

त्यात एक अडचण आहे, आणि ती आम्हा पेपरवाल्यांना चांगली ठाऊक आहे. फॉन्ट! जुने मराठी निर्णय युनिकोडमध्ये नाहीत. पडद्यावर अक्षर सुरेख दिसतं, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की कुलंगडी बाहेर पडतात, नुसती चिन्हं. कितीतरी कागद तर नुसते स्कॅन केलेले, तिरके, शिक्का मजकुरावर बसलेला. जे यंत्राला वाचताच येत नाही, ते त्याच्या हिशेबात येणार नाही. आधी तो मजकूर नीट उतरवून घ्यायला हवा. हे कंटाळवाणं काम आहे, त्याचं उद्घाटन करता येत नाही.

आणि प्रश्न? एक नमुना देतो. १८७८ चा एक कायदा आहे, गुप्तधनाचा. जमिनीत १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असं तो सांगतो. विचित्र कायद्यांच्या यादीत हा हमखास असतो. १० रुपये, म्हणून लोक हसतात. पण विहीर खणताना नाण्यांचा हंडा सापडला तर तो सोनाराच्या मुशीत न जाता पुरातत्त्व खात्याकडे जावा, यासाठी आपल्याकडे हाच कायदा आहे. त्या १० रुपयांनी कोणाचं फारसं बिघडत नाही.

आता दुसरा आकडा घ्या. संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० रुपये राहिली. दिवसाला हिशेब करा, ५८ रुपयांच्या आत येतो, तोही अख्ख्या घराचा. दुसरीकडे २०२५-२६ साठी रोजगार हमीची आपल्या राज्यातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या वर्षी एखाद्या घराने हमीचे १०० दिवस पूर्ण काम केलं तर ३१,२०० रुपये व्हायचे. म्हणजे एका सरकारी योजनेत नियमाप्रमाणे राबलेलं घर दुसऱ्या सरकारी योजनेच्या नियमाप्रमाणे निराधार उरत नाही! हे दोन कागद दोन वेगळ्या खात्यांचे. त्यामुळे ते एकमेकांशेजारी कधी ठेवलेच जात नाहीत. मग तलाठ्याकडून दाखला कितीचा मिळवायचा, ही खटपट सुरू होते. सगळ्यांना माहीत असतं, कोणी बोलत नाही.

सगळ्या जीआरमध्ये दहा वर्षांत न बदललेला प्रत्येक रुपयाचा आकडा काढून द्या. एकाच माणसाकडून एकच दाखला किती योजनांत पुन्हा पुन्हा मागितला जातो ते मोजा. कुठल्या निर्णयात विधवेला सासरच्या माणसाची सही आणायला लावली आहे ते दाखवा. हे सगळं ओहायोच्या यंत्राला जमण्यासारखं आहे. पण उद्या मंत्रालयात या कामाची निविदा निघाली, तर तिच्यात हे प्रश्न असतील की ‘किती टक्के नियम कमी केले’ एवढाच रकाना असेल? निविदेचा मसुदा होताना आपल्या आमदारांनी हे विचारावं, म्हणून मी आत्ताच लिहून ठेवतोय. जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, निवृत्त तलाठी, सेतू केंद्र चालवणारी पोरं अशी बरीच मंडळी या पेजवर आहेत. तुमच्याकडचे असे अडलेले, एकमेकांच्या विरोधात जाणारे नियम कमेंटमध्ये लिहा. जीआरचा सांकेतांक असेल तर सोन्याहून पिवळं.

आणि हॉर्टींच्या त्या पहिल्या प्रश्नाचं काय झालं? अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यांतून तसा शब्द काढायला २०१० साल उजाडलं, ‘रोझाज लॉ’ नावाच्या कायद्याने. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आला. ‘मतिमंद’ मात्र अजून गेलेला नाही. शाळांच्या पाट्यांवर आहे, अनुदानाच्या कागदांवर आहे. शासन निर्णयांत तो आज किती ठिकाणी आहे, ते अजून कोणी शोधायला घेतलेलं नाही.